हसरा बुद्ध दाराकडे का बघतो? फेंगशुईच्या नियमांचे जन्मदाखले

पेटचा अभ्यास करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज विषय जरा वेगळा आहे. घरात मूर्ती आणि देवघर कुठे असावं, याबद्दल 'फेंगशुई'च्या नावाने जे नियम फिरत असतात ते तुम्ही ऐकले असतीलच. हसरा बुद्ध दाराकडे तोंड करून ठेवावा. तो जमिनीवर ठेवू नये. देवघराच्या पाठीशी भक्कम भिंत असावी, खिडकी नसावी. पलीकडे संडास-बाथरूम तर नकोच. आणि यादीच्या शेवटी हमखास एक वाक्य असतं: हे हजारो वर्षांपूर्वीचं प्राचीन चिनी शास्त्र आहे.

माझं एम.एस्सी. भौतिकशास्त्रातलं आणि आता पीएचडी विज्ञानाच्या इतिहासात. त्यामुळे अशी यादी निघाली की दोन प्रकारची माणसं मला दोन बाजूंनी ओढतात. एक म्हणतात, थोतांड आहे, कशाला वेळ घालवतोस? दुसरे म्हणतात, यामागे काहीतरी वैज्ञानिक कारण असणारच, तू शोधून काढ. नियम मुळात आला कुठून, हे मात्र दोघांनाही बघायचं नसतं. आपण तेवढंच बघू. खरं-खोटं घटकाभर बाजूला ठेवा आणि प्रत्येक नियमाकडे त्याचा जन्मदाखला मागा: तुला कोणी सांगितलं, कोणत्या इमारतीसाठी सांगितलं, आणि तेव्हा तुला फेंगशुई म्हणत होते का?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. यादीतले नियम एका आईची लेकरं नाहीत. काही देवळाच्या आराखड्यातून आलेत, काही घरच्या श्राद्धविधीतून, काही सुताराच्या मोजपट्टीतून, काही चक्क सरकारी हुद्द्यांच्या उतरंडीतून. फेंगशुई हे आडनाव त्यांना बरंच नंतर लागलं.

कबर आणि घर

फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. या शब्दाचा उगम ज्या ग्रंथात सांगितला जातो त्याचं नाव 'झांगशू', म्हणजे दफनाचा ग्रंथ. तो गुओ पू (इ.स. २७६–३२४) या विद्वानाच्या नावावर आहे, पण आज हाती असलेली संहिता बऱ्याच नंतरची आहे असं अभ्यासक मानतात. (कुठल्याही जुन्या ग्रंथावरचं लेखकाचं नाव आणि संहितेचा काळ या दोन वेगळ्या नोंदी असतात. सिनॉप्सिसमध्ये त्या एक करू नका.) या ग्रंथाचा विषय नावातच आहे. 'ची' नावाची प्राणशक्ती जमिनीतून वाहते, वाऱ्याने विखुरते, पाण्याशी येऊन थांबते. म्हणून मृताला अशा जागी पुरावं की मागे डोंगराचा आडोसा आणि पुढे पाणी असेल. त्याच्या अस्थींना ती शक्ती मिळाली की तिचं फळ वंशजांना मिळतं. इथे घरातल्या मूर्तीचा विषयच नाही.

घरांसाठी वेगळे ग्रंथ होते. १९०० साली दुनहुआंगच्या गुहांमध्ये हस्तलिखितांचा जो मोठा साठा सापडला, त्यात अशा 'गृहग्रंथां'ची पानं आहेत. त्यांना काळजी आहे ती दार कोणत्या दिशेला, कोणत्या महिन्यात कोणत्या बाजूचं बांधकाम काढावं याची. म्हणजे वास्तूच्या सांगाड्याची.

मग देव आणि पितर घरात कुठे बसायचे? याचं उत्तर वेगळ्याच कपाटातल्या पुस्तकात सापडतं.

झू शीची दक्षिण

बाराव्या शतकात झू शी (११३०–१२००) नावाचा कन्फ्यूशियन तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याचा मानला जाणारा 'जियाली', म्हणजे कुटुंबाचे विधी, हा ग्रंथ पुढची कित्येक शतकं चिनी घरांचा, आणि कोरियातल्याही घरांचा, विधी-मार्गदर्शक होता. पॅट्रिशिया एब्री यांचं इंग्रजी भाषांतर १९९१ साली आलं. विषय दूरचा वाटला तरी चाळून बघा. विधिग्रंथ हे साधन म्हणून कसं वाचावं याचा तो चांगला नमुना आहे.

झू शी सांगतो की घर बांधताना सगळ्यात आधी पितरांची खोली बांधावी, मुख्य दालनाच्या पूर्वेला. तिच्यात चार कोनाडे. चार पिढ्यांच्या पूर्वजांच्या लाकडी नामपट्टिका त्यांत ठेवायच्या. आपल्याकडे देवघरात पितरांचे टाक असतात ना, साधारण तशी कल्पना, फक्त चेहऱ्याऐवजी नाव. सगळ्यात वडील पिढी पश्चिमेच्या कोनाड्यात. कर्त्या पुरुषाने बाहेरगावी जाताना पितरांना सांगून जायचं, आल्यावर आलो म्हणून सांगायचं. मुलगा झाला, लग्न ठरलं, नोकरी लागली, सगळं तिथे कळवायचं. आणि आग लागली, पूर आला, दरोडा पडला, तर आधी या खोलीतल्या नामपट्टिका वाचवायच्या, मग पूजेची भांडी, आणि घरची चीजवस्तू त्यानंतर. घरात कशाला किती मोल आहे हे इतक्या रोखठोकपणे सांगणारं साधन क्वचित मिळतं.

पण मला ज्या ओळीने थांबवलं ती दिशेबद्दलची आहे. झू शी म्हणतो की घराचं तोंड प्रत्यक्षात कुठेही असो, पुढची बाजू दक्षिण समजावी, मागची उत्तर, डावी पूर्व, उजवी पश्चिम. बस्स. म्हणजे त्याची 'पूर्वेची खोली' आणि 'पश्चिमेचा कोनाडा' होकायंत्राने शोधायचेच नाहीत. घर हीच एक छोटी पृथ्वी, आणि तिच्या दिशा घरातल्या माणसांच्या मानाप्रमाणे ठरायच्या.

आता कुणी म्हणेल, झू शी तत्त्वज्ञ होता, त्याला दिशा-बिशा मान्य नसतील. नाही हं! ११९४ साली सम्राट श्याओझोंग वारला, तेव्हा राजकबरीची जागा नीट निवडली जात नाहीये म्हणून याच झू शीने दरबारात निवेदन दिलं. भूमी कशी आहे, डोंगराची ठेवण कशी आहे, याचा त्यात गंभीर विचार आहे. कबरीच्या बाबतीत माणूस जमिनीकडे बघतो आणि पितरांच्या खोलीत मात्र कागदी दिशा चालवून घेतो. प्रयोगशाळेत आपण 'बाकी सगळं तेच ठेवून एक गोष्ट बदला' म्हणतो. इथे इतिहासाने आपल्याला तसा प्रयोग फुकटात करून दिलाय. माणूस एक, काळ एक, श्रद्धा एक, फक्त कबर आणि देवघर यांची अदलाबदल. आणि उत्तर बदलतं.

होकायंत्र नव्हतं म्हणून असं झालं, असंही म्हणता येत नाही. झू शीच्या जन्माआधी, १०८८च्या सुमारास, शेन कुओने लिहून ठेवलंय की चुंबकसूची अगदी दक्षिण दाखवत नाही, थोडी पूर्वेकडे झुकते. चुंबकीय दिक्पाताची ही फार जुनी लेखी नोंद. जागा पाहणाऱ्यांचं पुढचं होकायंत्र, लुओपान, बघितलंत तर त्यात २४ दिशांची वर्तुळं असतात, प्रत्येक दिशा १५ अंशांची. आणि अशी तीन वर्तुळं एकमेकांपासून साडेसात अंशांनी सरकवलेली असतात. जोसेफ नीडम यांना या सरकण्यात वेगवेगळ्या काळातल्या दिक्पाताच्या खुणा दिसल्या. भौतिकशास्त्रवाल्यांनो, यावर तासभर बोलता येईल, पण आज नको.

मॉरिस फ्रीडमन या मानववंशशास्त्रज्ञाने १९६८ साली लंडनच्या रॉयल अँथ्रॉपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या अध्यक्षीय भाषणासाठी हाच विषय घेतला होता. त्याच्या मांडणीतला मुद्दा असा की चिनी कुटुंबाचा पूर्वज दोन ठिकाणी असतो. कबरीत तो हाडांच्या रूपात असतो. तिथे त्याची इच्छा विचारली जात नाही, जागा चांगली असली की फळ आपोआप. घरातल्या नामपट्टिकेत तो माणूस असतो. तिथे त्याला जेवण लागतं, त्याचा मान ठेवावा लागतो, तो रागावू शकतो. पहिला फेंगशुईचा प्रांत, दुसरा पूजेचा. आजच्या यादीत हे दोन प्रांत कुणीतरी शिवून टाकलेत, आणि शिवण फारशी जुनी नाही.

हुद्दा, चूल आणि मोजपट्टी

घरातले बाकीचे देव बघा. दक्षिण चीन, मलेशिया, सिंगापूरच्या घरांत भूमीचा देव जमिनीला टेकून, दाराकडे तोंड करून बसवतात. 'मूर्ती जमिनीवर ठेवू नये' हा नियम त्याला लागू नाही. तो त्या जागेचा धनी, त्याची जागा जमिनीवरच. सिंगापूरच्या सरकारी इमारतींत विसाव्या मजल्यावरही तो फरशीवरच असतो. खाली एकोणीस मजले आहेत याची त्याला फिकीर नाही.

चुलीचा देव चुलीपाशी. कागदावर छापलेलं त्याचं चित्र वर्षभर तिथे असतं. चांद्र वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, उत्तरेकडे तेविसाव्या आणि दक्षिणेकडे चोविसाव्या दिवशी, ते जाळतात. मग तो वर जाऊन घरात वर्षभर काय चाललं होतं याचा अहवाल देतो. जाण्याआधी त्याच्या तोंडाला चिकट गोड पदार्थ लावायचा, म्हणजे बोलणं तरी गोड होईल, नाहीतर दातच चिकटून बसतील! तो चुलीपाशीच का, याचं उत्तर ऊर्जेच्या प्रवाहात शोधू नका. मराठीत आपण 'भावांच्या चुली वेगळ्या झाल्या' म्हणतो, आणि चिनीतही कुटुंब विभागलं की चूल विभागली असंच म्हणतात. चूल म्हणजे कुटुंब, आणि हा देव त्या कुटुंबावर नेमलेला.

'नेमलेला' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आर्थर वुल्फने १९७४च्या आपल्या प्रसिद्ध लेखात तैवानच्या गावातल्या निरीक्षणावरून मांडलं की तिथल्या माणसाच्या मनात देव म्हणजे अधिकारी, पितर म्हणजे नातेवाईक आणि भुतं म्हणजे परके. भूमीचा देव हा गावपातळीवरचा कारकून, त्याच्या वर नगराचा देव, असं करत सम्राटापर्यंत. तैवानी घरातली वेदी यावरून लगेच उलगडते. वेदीकडे पाठ करून दाराकडे बघत उभे राहा. तुमच्या डाव्या हाताला देव, उजव्या हाताला पितर. डावी बाजू ड्रॅगनची, मानाची. साहेब घरी आले की आजोबासुद्धा खुर्ची सोडतात, तसं पितरांनी देवांना मानाची बाजू दिली. आणि गंमत बघा, झू शीच्या खोलीत मानाची बाजू पश्चिम, म्हणजे वेदीचा उजवा हात. परंपरा एकच म्हणतो, पण डावं-उजवंसुद्धा सगळीकडे एक नाही.

आता माझा सगळ्यात आवडता पुरावा: सुताराची टेप. तैवान, हाँगकाँग, मलेशियात हार्डवेअरच्या दुकानात साधी स्टीलची मापपट्टी मिळते, सेंटिमीटरची, पण तिच्यावर आणखी दोन ओळी छापलेल्या असतात, लाल आणि काळ्या अक्षरांत. वरची लू बानची पट्टी. लू बान हा सुतारांचा आद्य पुरुष. आपल्याकडे सुतार विश्वकर्म्याला मानतात तसा. त्याच्या नावाचा सुतारकामाचा ग्रंथ मिंग काळात, पंधराव्या शतकात तयार झाला. आजच्या टेपवर लू बानचं एक माप सुमारे ४२.९ सेंटिमीटरचं, त्याचे आठ भाग: संपत्ती, आजार, वियोग, न्याय, अधिकार, लूट, हानी आणि शुभ. खालची पट्टी दिंग लानची, सुमारे ३८.८ सेंटिमीटर, दहा भाग; ती कबरी आणि पितरांच्या वेदीसाठी. दिंग लान कोण? आईवडील गेल्यावर त्यांच्या लाकडी मूर्ती करून त्यांची जिवंतासारखी सेवा करणारा, चिनी कथांमधल्या २४ आदर्श पुत्रांपैकी एक.

वेदीची उंची या पट्ट्यांवर ठरते. तुम्हीच करून बघा, नुसती बाकी काढायची आहे. समजा वेदी १२० सेंटिमीटर उंच आहे. ४२.९ दोनदा वजा करा, ३४.२ उरतात. एक भाग ५.३६चा, म्हणजे आपण सातव्या भागात पडलो: हानी. तीच उंची दिंग लानच्या पट्टीवर घ्या. ३८.८ तीनदा वजा केले की ३.६ उरतात, म्हणजे पहिलाच भाग: पुत्रलाभ. एका पट्टीवर हानी, दुसऱ्या पट्टीवर मुलगा! देव आणि पितर एकाच वेदीवर बसवायचे असतील तर दोन्हीकडे लाल येणारी उंची सुतार शोधतो. १२७ करून बघा, दोन्हीकडे शुभ येतं. 'देवघर डोळ्यांच्या पातळीच्या वर असावं' हे वाक्य नंतरचं, सुटसुटीत केलेलं. मूळ कारागिरांच्या जगात उंची म्हणजे एक हिशोब होता, आणि त्या हिशोबाची मालकी ज्योतिषाकडे नव्हती, सुताराकडे होती. कुठलाही नियम तपासताना हे विचारा की त्यावर पोट कुणाचं चालत होतं.

दारातला बुद्ध

आता हसऱ्या बुद्धाकडे येऊ. पहिली गोष्ट, तो गौतम बुद्ध नव्हे. आपल्याकडे बुद्ध ही किती जिव्हाळ्याची गोष्ट आहे हे लक्षात घेता हा फरक नीट सांगायला हवा. तो बूदाई: दहाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या झेजियांग प्रांतातल्या फेंगहुआ भागात फिरणारा एक भिक्षू, पोट सुटलेला, खांद्यावर कापडी पिशवी. बूदाई या शब्दाचा अर्थच कापडी पिशवी. त्याची नोंद ९८८ सालच्या भिक्षूंच्या चरित्रसंग्रहात आहे. तो गेल्यावर लोक म्हणू लागले की हा मैत्रेयाचा, म्हणजे येणाऱ्या बुद्धाचा अवतार होता. हांगझोऊजवळ फेईलाई फेंगच्या खडकात त्याचं हसतं, भलं मोठं शिल्प दक्षिण सोंग काळापासून आहे.

चिनी बौद्ध विहारात तुम्ही शिरलात की पहिलं दालन लागतं ते चार दिक्पाल राजांचं. त्याच्या मधोमध, बरोबर दाराकडे तोंड करून, हाच पोटवाला हसत बसलेला असतो. आलेल्याचं स्वागत करायचं हे त्याचं काम. त्याच्या पाठीला पाठ लावून, आतल्या मुख्य मंदिराकडे बघत, चिलखत घातलेला वेईतुओ उभा असतो, धर्माचा रखवालदार. या वेईतुओचं नातं विद्वान आपल्या स्कंदाशी, म्हणजे कार्तिकेयाशी, जोडतात. आणि भिंतींशी उभ्या चार राजांपैकी उत्तरेचा राजा वैश्रवण, म्हणजे आपला कुबेर. वास्तुशास्त्रवाले उत्तरेला कुबेर सांगतात ना, तोच.

तर 'दाराकडे तोंड' हा नियम आधी देवळाच्या आराखड्यात दिसतो. तिथे त्याला कारण आहे: पुढे दार आहे, मागे रखवालदार आहे, त्याच्यापुढे मुख्य मंदिर आहे. तिथून तो दुकानाच्या गल्ल्यावर आणि मग दिवाणखान्यात आला असावा, असं मला वाटतं. येताना दार बरोबर आणलं, वेईतुओ मात्र विहारातच राहिला. 'पाठीशी भक्कम भिंत हवी' हे वाचलं की मला त्या रिकाम्या जागेची आठवण होते.

इथे एक सावधगिरी. 'वैज्ञानिक कारण' शोधणारे मित्र म्हणतील, दिशांचे नियम ऊन-वाऱ्यावरून आले. उत्तर चीनमध्ये घराचं तोंड दक्षिणेला ठेवण्यात हिवाळ्याचं ऊन आणि बोचऱ्या वाऱ्यापासून आडोसा हे कारण नक्कीच आहे. पण हीच किल्ली प्रत्येक कुलपाला लावू नका. ईशान्य घ्या. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, सहाव्या शतकात, ईशान्येला देवघर आणि आग्नेयेला स्वयंपाकघर सांगितलंय. ईशान म्हणजे शिव, म्हणून ती दिशा पवित्र. चिनी परंपरेत हीच ईशान्य भुतांचं दार आहे. पहिल्या शतकात वांग चोंगने एक जुनी कथा दिली आहे: समुद्रातल्या डोंगरावर एक प्रचंड पीच वृक्ष, त्याच्या ईशान्येच्या फांद्यांमधून भुतं ये-जा करतात, आणि दोन भाऊ त्यांच्यावर पहारा देतात. चिनी घरांच्या दारावरच्या द्वारपालांची परंपरा या दोन भावांपर्यंत नेतात. जपानमध्ये क्योटोच्या ईशान्येला हिएई डोंगरावरचा एन्र्याकु-जी मठ राजधानीचा या दिशेपासूनचा राखणदार मानला गेला. सूर्य सगळीकडे एकच, पृथ्वीचा अक्ष एकच, आणि एकाच दिशेला एकीकडे देव बसतो, दुसरीकडे भूत शिरतं. सूर्यकिरणांच्या आधारे ईशान्येच्या देवघराचं कारण सांगणाऱ्याने हे भूतही त्याच किरणांनी समजावून द्यावं.

आडनाव कधी लागलं

एकोणिसाव्या शतकात युरोपीय मिशनरी लिहू लागले तेव्हाही फेंगशुई म्हणजे मुख्यतः कबरी, डोंगर, जागा असंच चित्र दिसतं. अर्न्स्ट आयटेलने १८७३ साली या विषयावर छोटं पुस्तक लिहिलं, आणि उपशीर्षकात त्याला चीनमधल्या निसर्गविज्ञानाची मूलतत्त्वं म्हटलं. डी ग्रूटने १८९७ साली आपल्या चिनी धर्मावरच्या मोठ्या ग्रंथात फेंगशुई घेतली ती कबरींच्या खंडात, आणि यथेच्छ टर उडवली.

घरातल्या देवांवर मात्र विसाव्या शतकात संकट आलं ते सरकारकडून. १९२८ साली नानजिंगच्या राष्ट्रवादी सरकारने कोणते देव ठेवायचे आणि कोणते मोडायचे याचे निकषच जाहीर केले. वीर म्हणून ग्वान यू राहिला, नगराचा देव बाद. मग १९६६. 'चार जुन्या गोष्टी' नष्ट करा या मोहिमेत रेड गार्ड घराघरांत शिरले. वेद्या, मूर्ती, नामपट्टिका फुटल्या, जळल्या. झू शीने आगीतून सगळ्यात आधी वाचवायला सांगितलेली वस्तू आगीत टाकायला घरच्यांना भाग पाडलं गेलं. पण मधल्या दालनाची ती भिंत रिकामी राहिली नाही. पितर होते त्या जागी असंख्य घरांत माओचं चित्र लागलं. मूर्ती गेली, जागा टिकली. माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातला हा सगळ्यात बोलका पुरावा आहे: घरातल्या मानाच्या जागेला कोणीतरी लागतंच, आणि ती जागा कुठली हे घरातल्या प्रत्येकाला न सांगता माहीत असतं.

त्याच सुमारास फेंगशुईला चीनबाहेर दुसरं आयुष्य मिळत होतं. बीजिंगमध्ये जन्मलेल्या लिन युन (१९३२–२०१०) यांनी अमेरिकेत फेंगशुई, तांत्रिक बौद्ध विचार आणि स्वतःच्या कल्पना यांची एक नवी घडण शिकवली. १९८०च्या दशकात बर्कलीत त्यांचं मंदिर उभं राहिलं. त्यांच्या शिष्या सारा रॉसबाख यांचं पुस्तक १९८३चं, आणि त्याच्या उपशीर्षकात फेंगशुईला वस्तू ठेवण्याची चिनी कला म्हटलंय. इथे थांबून बघा. डोंगर, पाणी, कबर यांचा विषय आता 'ठेवण्या'चा झाला. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूस डोंगर हलवू शकत नाही, दारही हलवू शकत नाही. मूर्ती हलवू शकतो.

लिन युनच्या पद्धतीत होकायंत्र लागतच नाही. दार असलेली भिंत पाया धरायची, तिच्यावर नऊ चौकटींचा नकाशा पसरायचा. आत शिरल्यावर दूरचा डावा कोपरा संपत्तीचा. जुन्या होकायंत्रवाल्यांना हे अजिबात रुचलं नाही. पण आपण झू शी वाचलाय. पुढची बाजू म्हणजे दक्षिण समजा, असं तोही म्हणाला होता. एकाला पितरांचा मान जपायचा होता, दुसऱ्याला कॅलिफोर्नियातल्या गिऱ्हाइकाचं सुख, आणि दोघांनीही खऱ्या उत्तर-दक्षिणेला रजा दिली. एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं यावरून म्हणता येत नाही. साम्य दिसलं की लगेच उसनवारी लिहिण्याचा मोह आवरा, व्हायवात तिथेच पकडतात.

नव्वदच्या दशकात मलेशियाच्या लिलियन टू यांच्यासारख्या लेखकांची इंग्रजी पुस्तकं जगभर गेली आणि त्याच काळात भारतातल्या शहरांत हसरा बुद्ध, तीन पायांचा बेडूक, लाल दोऱ्यातली नाणी मिळू लागली. इथे वास्तुशास्त्र आधीच होतं. मग एकाच घरात ईशान्येला देवघर आणि दारासमोर बूदाई, अशी दोन परंपरांची शेजारशेजारची बिऱ्हाडं झाली. ईशान्येच्या चिनी भुताबद्दल विक्रेत्याने सोयीस्कर मौन पाळलं, हे सांगायला नकोच.

तुमच्यापैकी कुणी मराठी किंवा इतिहास घेऊन एम.ए.चा लघुप्रबंध करत असेल तर इथे एक छोटं, हाताला येणारं काम आहे. जवळच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात जा. १९८५ ते २००५ या काळातले दिवाळी अंक आणि महिलांची मासिकं काढा. घर, सजावट आणि भविष्य ही सदरं आणि जाहिराती पानापानाने बघा. प्रत्येक वेळी पाच गोष्टी टिपा: महिना-वर्ष, कोणता शब्द वापरलाय ('वास्तू', 'फेंगशुई' की दोन्ही एकत्र), कोणती वस्तू, कोणती जागा, आणि अधिकार कुणाच्या नावाने सांगितलाय. 'हजारो वर्षांपूर्वीचं' हे विशेषण पहिल्यांदा कोणत्या अंकात येतं त्यावर लाल खूण करून ठेवा. आणि धूळ असते, तेव्हा मास्क घेऊन जा.